न्याहारी आणि निशाण

सहदेव रजेवर घरी आला तेव्हा शिमगा नुकताच होऊन गेला होता. मुंबईहून बोटीनं दासगाव, तिथून महाड, महाडहून मोटारीनं पोलादपूर आणि पुढं उमरठच्या अंगाचा डोंगर पायी, असा तो खडकवाडीला पोचला. साल चौतीस. सरहद्दीवरच्या एका मराठा पलटणीत तो नाईक होता. खांद्याला बंदूक होतीच, पण त्याचं खरं काम सिग्नलचं. एका टेकडीवरून निशाण हलवून दुसऱ्या टेकडीला निरोप द्यायचा आणि तिकडून आलेला निरोप वाचायचा. निशाण थोडं झुकलं की छोटी खूण, पुरतं झुकलं की लांब. अशा खुणांचं एक अक्षर, अक्षरांचा शब्द.

घरात आई ठकूबाई, बायको तुळसा आणि लग्नाला आलेली बहीण आवडी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा येणार म्हणून ठकूबाईनं महाडहून गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आणवून ठेवला होता, साखर आणवली होती, कागदात बांधलेली बिस्किटंही होती. फौजेतल्या माणसाला नाचणी कशी वाढायची, असं तिचं म्हणणं.

सहदेवनं स्वतःही चहाच्या भुकटीचा मोठा डबा आणला होता. सकाळी उठला की चहा आणि बिडी. ऊन वर आलं की पुन्हा चहा. दुपारी पानावर बसायचा, भात इकडून तिकडं ढकलायचा आणि उठायचा. दिवेलागणीला मात्र पांढऱ्या भाताचा ढीग संपवायचा आणि अंगणात सुस्त पडून राहायचा. तुळसाच्या लक्षात आलं होतं की हा माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो, आपण काय सांगत होतो ते शोधत राहतो. एकदा तो म्हैस पाण्यावर न्यायला निघाला आणि रिकामा दोर घेऊन नदीवर जाऊन आला. आवडी हसली, तर तिच्यावर केवढ्यानं खेकसला. पूर्वी तो असा नव्हता.

आवडीसाठी दरीपलीकडच्या करंजवाडीतलं एक स्थळ आलं होतं. मुलगा महिपत, मुंबईला गिरणीत कामाला, सुगीनंतर गावी आलेला. त्याचे वडील मालोजी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. मुलगी बघायला या असं सांगायला घरातला कर्ता म्हणून सहदेव गेला आणि गुरुवारचं ठरवून आला. निदान त्यानं घरी तसं सांगितलं.

मंगळवारी सगळं घर राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांचे टाळ तोडायला रानात गेलं होतं. संध्याकाळी भारे घेऊन माणसं परतली तेव्हा शेजारची म्हातारी राहीबाई अंगणात वाट बघत बसली होती.

"कुटं होताव गो सगली?" ती म्हणाली. "करंजवाडीची मानसं येऊन गेली. मालोजी, त्याची बायको साळूबाई, तो पोरगा, आनि दोन बाप्ये. तुमच्या दाराला कडी. साळूबाई जरीकाठी नेसून ओट्यावर बसली व्हती बिचारी. मी पानी दिला. वाट बघून बघून गेली."

"आज कशी आली?" सहदेव म्हणाला. "मी गुरुवार सांगितला व्हता."

"तू मंगळवार सांगितलास म्हनाले."

"गुरुवार!" तो ओरडला. आणि ओरडता ओरडताच त्याचा चेहरा पडला, कारण करंजवाडीच्या ओट्यावर आपण नेमकं काय बोललो ते त्याला आठवेना. ओटा आठवला, गुळाचं पाणी आठवलं, मालोजींच्या पांढऱ्या मिशा आठवल्या. वार आठवेना.

भारा टाकून आवडी परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सहदेव नदीच्या वाटेवर एका दगडावर बसला होता. तुळसा धुण्याची पाटी घेऊन आली, ती त्याच्याजवळ टेकली.

"आवो, तुमच्या मनात काय हाय ते सांगताव का?" तिनं विचारलं. "काल आवडीच्या म्होरं तुमचा तोंड बघवत नव्हता."

त्यानं आधी मान हलवली, मग सगळं सांगून टाकलं. पलटणीत सिग्नलची वरची परीक्षा होती. ती पास झाली तर शिकवणारा म्हणून नेमणूक. त्यानं रात्रंदिवस घोकलं होतं. पण परीक्षेच्या दिवशी मधेच डोळ्यांपुढं निशाण हलत राहिलं आणि डोक्यात एकही अक्षर उमटेना. खुणा दिसत होत्या, अर्थ लागत नव्हता. त्याच्या मागं बसून लिहिणारा शिपाई "म्होरं बोल, म्होरं बोल" म्हणत राहिला आणि हा गप्प.

"साहेब भला मानूस. बोलला, रजेवर जा, परत ये, आनि एकदा बस. या बारीला नाय जमला तर निशान खाली ठेव." सहदेव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "तुळसा, माझा डोकाच गेलाय असा वाटतं. आमच्या आज्याच्या भावाला शेवटी शेवटी पोरंबाळं वळखू येत नव्हती. तसा तर नाय ना?"

"तो ऐंशीचा व्हता. तुमी तिशीचे नाय." तुळसा म्हणाली. "त्या परीक्षेच्या दिवशी काय खाल्ला व्हता?"

"काय नाय. चहा पिलो. आमचा उस्ताद सांगतो, परीक्षेला जाताना पोट रिकामा पायजे. पोट भरला की झोप येते. सिग्नलवाले सगले तसाच करतात. मी तर सकालचा लंगरात न्याहारीला जायचाच सोडलाय. तेवढ्या येलात अक्षरा घोकता येतात."

तुळसा त्याच्याकडं बघतच राहिली. "सकालपासून दुपारपर्यंत नुसता चहा? रोज?"

"रोज."

"आपन महाडला जाऊ," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवू. मग काय तो डोका गेलाय का हाय, ते तो सांगेल."

महाडात डॉक्टर रघुवीर पोतनीस यांचा दवाखाना बाजारपेठेच्या तोंडाशी होता. महायुद्धात ते मेसोपोटेमियाच्या फौजी इस्पितळात होते, त्यामुळं आसपासचे पेन्शनर त्यांच्याकडंच जायचे. त्यांनी सहदेवची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली.

"नाईक, बसा," ते म्हणाले. "दिवसभरात काय काय खाता ते सांगा. उठल्यापासून."

सहदेव सांगू लागला. डॉक्टर मध्येच विचारत होते. चहा किती वेळा, बिडी किती, भाजी कधी, झोप कशी. झोप लागत नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

"परीक्षा सकाळी असते ना?"

"व्हय साहेब. ऊन चढल्यावर."

"म्हणजे आदल्या रात्रीनंतर पोटात चहाशिवाय काही नाही, उन्हात उभं राहायचं आणि डोळ्यांत तेल घालून निशाण वाचायचं. मेंदू म्हणजे कुणी वेगळा सरदार नव्हे, नाईक. हातापायांना जे रक्त जातं तेच त्याला जातं. तुमच्या पायांना उपाशी वीस मैल चालवलंत तर ते लटपटतील, आणि तुम्ही म्हणाल, भूक लागली. डोकं लटपटलं की मात्र म्हणता, डोकं गेलं."

"पन उस्ताद बोलतो, पोट भरला की सुस्ती येते."

"खरंच येते. गच्च जेवलात तर येणारच. त्यावर उपाय थोडं खाणं आहे, उपाशी राहणं नव्हे." डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "मेसोपोटेमियात आमच्या पलटणींना कितीतरी दिवस हिरवं पान मिळालं नाही. पुढं हिरड्या सुजल्या, ते सगळ्यांना दिसलं. पण त्याच्या आधीपासून माणसं मरगळलेली होती, उगाच भांडत होती. पहाऱ्यावरचा चांगला शिपाई परवलीचा शब्द विसरायचा. त्याला लोक आळशी म्हणायचे. भाजीपाला आणि लिंबं यायला लागली तशी तीच माणसं पुन्हा हुशार झाली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमची गत तितकी वाईट नाही. तुम्हाला रोग नाही काही."

सहदेवचं तोंड उतरलं. त्याला बाटलीतलं औषध हवं होतं, लाल रंगाचं, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ घ्यायचं.

"घरी भात कसला?" डॉक्टरांनी तुळसाला विचारलं.

"आमचा कांडलेला असतो. पन हे आले म्हनून सासूबाईनी गिरनीचा आनलाय, पांढरा."

"तो राहू द्या पाहुण्यांना. यांना घरचाच द्या. सकाळी उठल्यावर पहिलं काहीतरी पोटात गेलं पाहिजे, चहा त्याच्या नंतर, तोही दोनदाच. रोज काही हिरवं. डाळी, कडधान्यं, जमेल तेव्हा अंडं किंवा मासळी. आणि एका वेळी ढीग नको, थोडं थोडं. बिडी सोडवत नसेल तर निदान उपाशीपोटी ओढू नका. एवढंच."

परतीच्या वाटेवर सहदेव पुटपुटत होता, "एवढ्यासाठी महाडला आलो." तुळसाच्या मनात कुठल्या मडक्यात काय आहे याचा हिशोब चालला होता.

घरी मोठं भांडण झालं. ठकूबाईनं कमरेवर हात ठेवले. "माझा पोर सायबाच्या पलटनीत चाकरी करतो, आनि घरी येऊन आंबील पिनार? लोक काय म्हनतील? सून नाचनीवर ठेवते म्हनतील."

"आई, डॉक्टरनी सांगितलाय."

"डॉक्टरला काय ठावं? मी लहानाचा मोठा केलाय त्याला."

"कशावर केलात?" तुळसानं हळूच विचारलं.

ठकूबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. दुसऱ्या सकाळी तीच शेवग्याखाली उभी राहून आकडीनं कोवळा पाला पाडत होती. "उंच फांदीचा चांगला असतो," एवढंच म्हणाली आणि पाला तुळसासमोर ठेवून निघून गेली.

पहिले काही दिवस वाईट गेले. चहा कमी केल्यावर सहदेवचं डोकं असं ठणकलं की तो कपाळाला फडकं बांधून बसला. चहाचा डबा कुठं ठेवलाय म्हणून त्यानं घर धुंडाळलं. तो आवडीनं तांदळाच्या कणगीत पुरून ठेवला होता. सकाळी उठल्या उठल्या घास गिळवत नव्हता. तुळसानं आधी नुसती ताकातली आंबील दिली, वाटीभर. मग अर्धी भाकरी. मग भाकरीबरोबर कुळथाचं पिठलं. दुपारी कांडलेल्या तांबूस तांदळाचा भात, वालाचं बिरडं, शेवग्याच्या पाल्याची भाजी. कधी सुक्या बोंबलाचं कालवण, कोंबडीनं दिलं तर अंडं. संध्याकाळी पेज, म्हणजे पोटाला जड नको.

मग एका सकाळी तो स्वतःच चुलीजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "भूक लागली गो." तुळसा वळून बघत राहिली. ठणका गेला होता. त्याला झोप लागू लागली होती, आणि आदल्या दिवशी त्यानं राहीबाईला तिच्या तिन्ही मुलांची खुशाली नावं घेऊन विचारली होती.

त्याच दिवशी तो दरी उतरून करंजवाडीला गेला. माफी मागायचीच होती, आता जरा धीरही आला होता.

मालोजी हवालदार ओट्यावर काथ्या वळत बसले होते. त्यांनी 'बस' म्हटलं नाही.

"ये. आज कंचा वार हाय म्हनून आलास?" ते म्हणाले. "तुमच्या घरी आमचा मान मोठा झाला. दार बंद. म्हशीनं तेवढी मान वर करून बघितला."

आत साळूबाईनं भांडं जरा जोरातच आपटलं.

सहदेव उभाच राहिला. त्यानं सबबी सांगितल्या नाहीत. "चूक माझी हाय, काका. मी तुमाला मंगळवार सांगितला आनि घरी गुरुवार. मला दोनीतला काय बी आठवत नव्हता. माझा डोका चालत नव्हता. पलटनीत सिग्नलच्या परीक्षेत बी असाच झाला. त्याचा राग माझ्या बहिनीवर काढू नका. ती पोर हुशार हाय."

मालोजींचे हात थांबले. "सिग्नलमधी हायस तू?"

"व्हय."

"निशान?"

"निशान, उन्हात चमकवायचा आरसा, दोनी."

"अरे, मग त्या दिवशी बोलला का नाय! गूळपानी पिऊन गेलास, पाऊसपान्याचा बोलून गेलास!" म्हातारा उठलाच. "मी सिग्नल हवालदार व्हतो. लढाईत निशान मारलाय मी, गोळ्या चालू असताना. घरात कुनाला कलत नाय काय ते. ही म्हनते, फडका हलवून पगार खाल्लास."

सहदेवनं मग त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरांचं बोलणंसुद्धा. मालोजी मिशीला पीळ देत ऐकत होते.

"ठीक हाय," ते शेवटी म्हणाले. "रोज ऊन चढला की मी त्या कातळावर उभा ऱ्हातो. तू तुझ्या आंगनात. मी निशानानं सांगेन ते तू करायचा. मला हितून दिसेल. केलास तर समजेन, वाचलास. आनि तुझा वाचन पक्का झाला, की आमी मुलगी बघायला कवा येनार तो वार मी निशानानंच कलवीन. तोंडी नाय. तोंडी वारानं माझी पायपीट झाली."

आतून साळूबाई म्हणाली, "आनि नाय वाचला तर?"

"तर पुन्ना म्हशीची भेट," मालोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दरीच्या दोन्ही काठांना तमाशा झाला. पलीकडं कातळावर मालोजी, हातात वेळूच्या काठीला बांधलेलं पांढरं धोतर. अलीकडं न्याहारी करून उभा असलेला सहदेव. सरावाचं निशाण पलटणीसारखं इंग्रजी अक्षरांनी, पण शब्द मराठी. पहिल्या दिवशी निरोप आला, म्हैस सोड. सहदेवनं 'म्हैस' वाचलं आणि पुढचं निसटलं. तो म्हशीजवळ जाऊन नुसता उभा राहिला. पलीकडून मालोजींनी काठी आपटली.

पण हळूहळू जमू लागलं. निरोप आला, लोटा उपडा कर. त्यानं केला. निरोप आला, ओट्यावर चढ आणि खाली उतर. चढला, उतरला. राहीबाई न्याहारी घेऊन बघायला येऊ लागली. एकदा त्यानं वाचलं आणि काही न बोलता वळून ठकूबाईच्या पाया पडला. ती दचकली. "काय झाला रे? रजा संपली? निघालास?"

"नाय गो. काकानं सांगितला, आईला नमस्कार कर."

ठकूबाईनं पदरानं डोळे टिपले आणि दरीकडं तोंड करून, ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही, मालोजींना मोठ्यानं आशीर्वाद दिला.

मालोजी वेग वाढवत होते. लांब शब्द, अडनिडे शब्द पाठवत होते. ऊन तापेपर्यंत उभं ठेवत होते. पूर्वी जिथं सहदेवच्या डोक्यात धुकं उतरायचं, तिथं आता त्याला अक्षरं सरळ दिसत होती, खुणा मोजाव्याही लागत नव्हत्या. एकदा साळूबाईनंही कातळावर येऊन चार झटके मारले. त्यांचा काही अर्थ होत नव्हता, आणि तसं सहदेवनं हातवारे करून कळवलं तेव्हा पलीकडं मोठा हशा झाला.

मग एके संध्याकाळी महिपत नदीवर भेटला आणि म्हणाला, "उद्या बाबा वार सांगनार हाय. एकदाच सांगनार, म्हनतो. मला सोमवारी मुंबईला जायचा हाय, एवढा तुमाला सांगतो. बाकी मला बी ठावं नाय."

त्या रात्री सहदेवला नीट झोप लागली नाही. सकाळी तुळसानं भाकरी पुढं केली तर त्याचा हात पुढं होईना. "आज नको," तो म्हणाला. "वाचून झाला की खातो." उस्तादाची जुनी शिकवण अशी अंगात मुरलेली. तुळसानं भाकरी झाकून ठेवली.

अंगणात सगळे जमले. आवडी दाराआडून बघत होती. ऊन आलं, कातळावर धोतर उभं राहिलं आणि हललं. सहदेव वाचू लागला. "आ... मी..." मग एक अक्षर निसटलं, ते शोधता शोधता पुढची दोन गेली. पुन्हा पकड आली तेव्हा शेवटचं उरलं होतं. "वार... येतो."

धोतर थांबलं.

"काय रे?" ठकूबाईनं विचारलं. "कंचा वार?"

"वार," सहदेव म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "नुसता वार. आई, सगल्या दिसांच्या शेवटाला वारच हाय गो."

कुणी हसलं नाही. राहीबाई म्हणाली, "सोमवारी पोरगा जानार म्हंजे त्याच्या आदी. शनवार नायतर रविवार. कायतरी एक धरा."

एक क्षण सहदेवलाही तसंच वाटलं. अंदाज बरोबर निघाला तर कुणाला कळणार होतं? मग आवडीकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं फडकं बांधलेली आपली काठी उचलली. पुन्हा सांगा अशी खूण त्यानं केली. ती पोचली असावी, कारण पलीकडं म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एकदाच सांगणार म्हटलं होतं.

तेवढ्यात तुळसानं आंबिलीची वाटी त्याच्या हातात दिली. "आधी ह्या घ्या. तो उभा ऱ्हाईल. तुमी बसा."

सहदेवनं पुन्हा काठी घेतली आणि पलीकडं कळवलं, थांबा, खातो. मग तो ओट्यावर बसून सगळ्यांच्या देखत आंबील प्यायला, अर्धी भाकरी आणि पिठलं खाल्लं. घाई केली नाही. पलीकडं मालोजींनीही खाली बसून पुडकं सोडलं आणि ते काहीतरी खाऊ लागले.

मग म्हातारा उठला. धोतर हललं, निरोप आधीपेक्षा लांब होता. या वेळी सहदेव अक्षर अक्षर मोठ्यानं म्हणत होता, आणि अंगणातला एकेक जण ते ओठांनी पुटपुटत होता. "आमी शनवार येतो. मुलगा बी. भात पांढरा नको."

"भात पांढरा नको?" ठकूबाई म्हणाली. "आता पावन्यांना बी नको का? मग तो तांदूल मी कुनाला घालू?"

आवडी दाराआडून हसली. किती दिवसांनी.

शनिवारी दार सताड उघडं होतं. म्हैस परसात नेऊन बांधली होती. साळूबाईनं ओट्यावर पाय ठेवण्याआधी अंगणभर नजर फिरवली आणि मग ती आत गेली. मुलगी पसंत पडली. महिपतनं आवडीला एकच प्रश्न विचारला, मुंबईला यायला आवडेल का, आणि तिनं "बघून सांगते" असं उत्तर दिलं. त्यावर तो खूश झाला.

पानावर बसल्यावर सहदेव मालोजींना म्हणाला, "काका, मी पयल्यांदा नाय वाचू शकलो. तुमी एकदाच म्हनाला व्हताव."

"ते मी तुला घाबरवायला बोललो." मालोजींनी बिरडं भाताला लावलं. "निशान निसटतो. माझा बी निसटायचा. त्यात कायच नाय. पन नाय समजला तर पुन्ना विचारायचा. जो अंदाजानं वाचतो तो मानसं मारतो. तू शनवार धरून बसला असतास आनि तो बरोबर बी आला असता, तरी मी ही सोयरीक केली नसती. तू विचारलास. आनि आधी खाल्लास." ते हसले. "तुला खाताना बघून मला बी भूक लागली. सकालपासून मी बी काय खाल्ला नव्हता, ही म्हनत व्हती जेवा तरी."

आवडीचं लग्न वैशाखात झालं आणि पाऊस धरायच्या आत सहदेव दासगावहून बोटीत चढला. ठकूबाईनं बरोबर नाचणीचं पीठ, कुळीथ आणि गूळ बांधून दिला. सुनेशी ती आता पूर्वीपेक्षा जास्त बोलत होती.

पुढची रजा मिळायला वर्ष उलटून गेलं. मार्गशीर्षात तो परत आला तेव्हा बाहीवर हवालदाराच्या फिती होत्या आणि गाल भरले होते. तुळसा खळ्यात भात पाखडत होती. तिथंच बसून त्यानं तिला परीक्षेची हकीकत सांगितली.

"त्या सकाली मी लंगरात गेलो. लंगरी बोलला, आज कसा काय? त्यानं रोटी, डाल नि गूळ दिला. सोबतचे हसले. मग ऊन चढला. म्होरच्या टेकडीवरून लांबच लांब निरोप आला. अर्ध्यात एकाची मान गळाली, एक चुकीचा वाचू लागला. माझा एक शब्द निसटला. मी पुन्ना मागितला. दिला. झाला."

"पयले आलाव?"

"तिसरा. पास झालो." तो हसला. "उस्ताद बोलला, तू खाऊन आलास म्हनून झोपशील असा वाटला व्हता मला. मग माझ्या हाताखाली पोरं दिली. त्यांना मी सांगून टाकलाय, न्याहारी केल्याबिगार निशानाला हात लावायचा नाय. लंगरी मला शिव्या घालतो, पहाटे उठावा लागतो त्याला. पन पोरं पास होतात."

तुळसानं सूप खाली ठेवलं. तिच्या केसांत भुसा अडकला होता, तो त्यानं काढला.

"आता मला बेळगावला पाठवतात," तो म्हणाला. "रंगरुटांना शिकवायला. तिकडं हवालदाराला खोली मिळते, बायकोला घेऊन ऱ्हाता येतं. येतेस का?"

खळ्याच्या कडेला ठकूबाई पेंढा रचत होती; तिनं सगळं ऐकलं होतं. "जा," ती न वळताच म्हणाली. "आवडी हाय की पल्याड, मुंबईला जायचा ती अजून बघतेच हाय. मी काय एकटी नाय. राहीबाई हायच, दिसभर बोलायला."

"पानी कसा हाय तिकडं?" तुळसानं विचारलं.

"गोड. विहिरीचा."

"आनि मानसं?"

"आपल्यासारखीच. बोलनं जरा वेगला."

तुळसानं पुढच्या भाताच्या राशीकडं बघितलं. मग तिनं सूप पुन्हा उचललं.

"हा भात आत पडू दे," ती म्हणाली. "पौष उलटू दे. माघात जाऊ."